टाच उचलेपर्यंत

माझी टाचेमागची शीर तुटली तेव्हा मी सगळ्यात आधी शेजारणीशी भांडले.

उन्हाळ्याचे दिवस होते. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत तेव्हा दिवसाआड पाण्याची लॉरी येत असे. भोंगा वाजला की आम्ही बायका प्लॅस्टिकच्या घागरी घेऊन पळायचो. त्या दिवशी मी अनवाणीच पायरी उतरले, डाव्या पायावर जोर देऊन धावणार तोच मागून कोणीतरी टाचेच्या वर सणसणीत लाथ मारली. काटकी मोडल्यासारखा आवाजही आला. वळून पाहिलं तर मागे समोरच्या घरातली कमलम. मग काय, पाण्यासाठी आता लाथा मारायला लागलीस का इथपासून तिच्या माहेरापर्यंत मी तमिळमधून सगळं बोलून घेतलं. ती दहा हात लांब होती. तिने घागर खाली ठेवली आणि शांतपणे सांगितलं की अक्का, तुमच्या मागे कोणीच नव्हतं. मला काही ते पटलं नाही. लंगडत जाऊन घागर भरून आणली आणि दोन दिवस तिच्याशी अबोला धरला.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं की ही शीर तुटलेल्या पुष्कळ लोकांना असंच वाटतं, कोणीतरी मागून मारलं. हे मला त्या दिवशी माहीत असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. म्हणून आधीच लिहून ठेवते. मागून लाथ बसली आणि मागे कोणी नसलं, तर भांडू नका, तेल चोळू नका, सरळ डॉक्टरकडे जा.

आमच्या गल्लीत मराठी बोलणारी घरं बरीच आहेत, पण लिहिणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मला देवनागरी येते ती हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून. माझं हे लिखाण पुण्याच्या वहिनीने नीट करून दिलं. आत्याचं बोलणं मात्र मी तिला बदलू दिलं नाही.

आत्या

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण आणि माझी सासू. आमच्याकडे आत्याच्या मुलाला मुलगी देतात, तशी मी एकोणिसाव्या वर्षी तिच्या घरात आले. लग्नाआधी आत्या म्हणायची, नंतरही आत्याच म्हणत राहिले. माझा पाय गेला त्याच्या दोन वर्षं आधी तिला झटका आला. डावा हात, डावा पाय गेला. जीभ शाबूत राहिली. सारु पातळ झालं, दार उघडं टाकलंस, तुझी आई असंच करायची, असं दिवसभर चालू. एखाद्या दिवशी मी चिडून म्हणायची की जीभ गेली असती तर निदान घर तरी शांत झालं असतं. हे मी खरंच म्हणत असे, लपवून काय उपयोग.

आत्या अंगाने भारी होती. सकाळी तिला पलंगावरून उचलून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, आणि संध्याकाळी पुन्हा पलंगावर, हे सगळं मी एकटी करायची. आमच्या ह्यांचा मणका सरकलेला. ओरत्तनाडूच्या कचेरीत बसने जाऊन येतानाही ते कमरेला पट्टा बांधायचे. मुलगी कोयंबतूरला, नुकतीच बाळंत झालेली. आत्याला दुसऱ्या कोणाचा हात चालतही नसे. मी तिच्यासमोर पाय रोवून उभी राहायची, ती उजवा हात माझ्या गळ्यात टाकायची, आणि तीन म्हटलं की मी चवड्यांवर जोर देऊन तिला वर घ्यायची. "पाडलेंस तर वर जाऊन तुझ्या बापास सांगीन हो," असं ती दर वेळी म्हणायची. एकदाही पाडलं नव्हतं.

पायाळूचा पाय

आता माझ्या चुकीबद्दल. ती दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाही.

मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना माझे पाय आधी आले. अशा माणसाच्या पायात गुण असतो असं आमच्याकडेही मानतात आणि तमिळ लोकही मानतात. कोणाच्या पाठीत उसण भरली, पाय मुरगळला, ते ज्याला सुळुक्कु म्हणतात ते झालं, की माणसं रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर येऊन पालथी झोपायची. मी डावा पाय तीनदा त्यांच्या दुखऱ्या भागावरून फिरवायची. त्याबद्दल काही घ्यायचं नसतं, फार तर विड्याची पानं. वकील आले, बसचे कंडक्टर आले, तिरुवैयारूहून एक गाणं शिकवणारे बुवा तर महिन्याला यायचे. गुण खरंच येत होता की नाही, देव जाणे. पण मला त्याचा तोरा होता. घरात माझ्या कुठल्याच गोष्टीचं कौतुक नव्हतं, ह्या पायाचं होतं.

आणि तोच पाय मोडला. आता मी डॉक्टरकडे जाऊन मुरगळलाय म्हणून सांगायचं? गल्ली हसली असती. आत्याही म्हणाली, "तुझ्या पायास काय होतें? तूंच लोकांस बरें करत्येस." मग मी माझाच उजवा पाय डाव्यावर तीनदा फिरवला, आता आठवलं की हसू येतं. तिळाचं तेल गरम करून चोळलं, उडदाच्या पिठाचा लेप बांधला. सूज थोडी उतरली. बोटं हलत होती, पाऊल टेकवून चालता येत होतं, दुखणंही सहन होण्यासारखं. फक्त जिना चढताना पायात काही नसल्यासारखं वाटायचं. ओला कपडा टाकतोय तसं ते पाऊल पुढे पडायचं. हे दोन-तीनदा म्हणाले की दाखवून येऊ. मी त्यांना गप्प केलं.

असे चार आठवडे घालवले. त्या चार आठवड्यांत मी आत्याला रोज उजव्या पायाच्या जिवावर उचलत होते.

दोघी जमिनीवर

एका सकाळी तीन म्हटलं आणि डावा पाय उठलाच नाही. आम्ही दोघी हळूहळू खाली बसलो. पडलो असं म्हणता येणार नाही, पिठाचं पोतं सरकत खाली यावं तसं झालं. तिला लागलं नाही. पण मला तिला वर घेता येईना, आणि तिच्या हाताखालून मलाही निघता येईना. हे कचेरीत गेलेले. मी हाका मारल्या त्या टीव्हीच्या आवाजात कोणाला ऐकू गेल्या नाहीत. त्या वर्षी गल्लीत केबल आली होती. दोन तास आम्ही तशाच होतो. आत्या ओली झाली. मी तिच्याकडे बघत नव्हते, ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

शेवटी कमलम आली, इडलीचं पीठ मागायला. तिने आत्याला पुसलं, शेजारच्या दोघांना बोलावून पलंगावर ठेवलं, आणि मला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी मला पालथं झोपायला सांगितलं. माझ्या ओट्यावर लोक झोपायचे तसंच. त्यांनी उजवी पोटरी दाबली, पाऊल हललं. डावी दाबली, पाऊल तसंच लोंबत राहिलं. पुन्हा दाबली. मग टाचेच्या वर बोट ठेवून मला हात लावायला लावला. तिथे खड्डा होता, माझं बोट आत जात होतं. पोटरीला टाचेशी बांधणारी दोरी तुटली आहे, त्यांनी सांगितलं, आणि चार आठवड्यांत वरचं टोक आणखी वर ओढलं गेलं आहे. कधी तुटली हे विचारल्यावर मी दिवस सांगितला. लगेच आला असतात तर सोपं होतं, असं म्हणाले. आता शस्त्रक्रिया करून ओढून शिवावं लागेल, बरं व्हायला वर्ष लागेल, आणि कुठलंही माणूस उचलायचं नाही.

चालता येईल का, हे मी विचारलंच नाही. मी विचारलं की वर्षभर आत्याला कोण उचलणार.

बंगळूरची गाडी

माझे दीर बंगळूरला होते. नव्या परदेशी कंपनीत चांगली नोकरी, जाऊही नोकरीला. तिसऱ्या मजल्यावर नवं घर. ते लगेच म्हणाले की आईला आम्ही नेतो, दिवसभरासाठी बाई ठेवू. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. जावेनेही आत्याचं सगळं वेळच्या वेळी केलं, हे मी कोणासमोरही सांगेन.

आत्या जायला तयार नव्हती. "मी जात नाहीं. मज इथेंच असूं दे. पडून राहीन." दोन दिवस जेवली नाही. गाडी दाराशी आली त्या सकाळी मी कुबड्यांवर उभी होते. तिने माझा पदर धरला.

"कधीं येत्येस?"

"तीन महिन्यांत येते. येईन ती तुला घेऊनच जाईन. रिकाम्या हाताने येणार नाही."

वर्ष लागेल हे ठाऊक असून तीन महिने म्हटलं ते तिच्या समाधानासाठी, पण हे शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. माझा स्वभावच तसा, एकदा बोलले की बोलले.

प्लॅस्टर

दवाखान्यातल्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बायकांच्या वॉर्डात वीस खाटा, चार पंखे, पैकी दोन फिरणारे. पहाटे पाच वाजता थर्मामीटर, सहाला झाडू, सातला दूध. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी इतकी घाबरले होते की शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने माझा हात धरून ठेवला. तिचं नावही मी विचारलं नाही. कमलम रोज डब्यात रसम-भात आणायची. तिसऱ्या दिवशी मी तिला लाथेबद्दल माफ कर म्हटलं. ती म्हणाली की अजून रोज विचार करते, मारली असती तर बरं झालं असतं. दोघी हसलो. टाके ओढले गेले, दुखलं, तरी हसलो.

पाऊल खाली वळवून प्लॅस्टर घातलं होतं, नाचणाऱ्या मुली चवडा टेकवतात तसं. दर काही आठवड्यांनी ते कापून पाऊल थोडं वर आणून नवं घालायचे. घाई करून शीर ताणली तर ती लांब होऊन जुळते, मग तिच्यात जोर राहत नाही, आणि तिला रक्त कमी मिळतं म्हणून ती सावकाश भरते, असं डॉक्टर सांगायचे. शीर भरते तिच्या वेळाने, आपण फक्त आड यायचं नसतं. मला हे समजत होतं. पण रोज सकाळी रिकामा पलंग दिसला की काही समजेनासं व्हायचं.

ह्या काळात घरात कुरबुरी झाल्या. हे पहाटे उठून स्वयंपाक करायचे, कमरेला पट्टा बांधून. एकदा मी भातात मीठ नाही म्हणाले तेव्हा त्यांनी ताट बाजूला केलं आणि म्हणाले, "तू चार आठवडे ऐकलं असतंस तर आई आज इथं असती." एवढं एकदाच बोलले. पुन्हा कधी नाही. ते खरं होतं.

रविवारी ओट्यावर येणारी माणसंही बंद झाली.

रविवारचा फोन

दर रविवारी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून आम्ही बंगळूरला फोन लावायचो. सुरुवातीला आत्या भरभरून तक्रार करायची. इथलं सारु म्हणजे गरम पाणी. ठेवलेली बाई तेलुगू बोलते, हिला कळत नाही. मुलं शाळेतून येतात, आजीला तमिळ लोकांसारखं पाटी म्हणतात आणि इंग्रजीत आपापसांत बोलतात. सगळे कामावर गेले की बाई टीव्ही लावून देते, तो संध्याकाळपर्यंत चालतो. मला तिच्या तक्रारी ऐकून बरं वाटायचं. म्हटलं, आहे, जागेवर आहे.

तीन महिने झाले तेव्हा माझं प्लॅस्टर जेमतेम निघालं होतं. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "बरें." मग तिच्या तक्रारी कमी झाल्या. दिवाळीनंतर ती एकच विचारायची, कधीं येत्येस. मग तेही बंद झालं. जाऊ फोन तिच्या कानाशी धरायची आणि मी एकटीच बोलत राहायची, लॉरीबद्दल, कमलमबद्दल. पलीकडे श्वास ऐकू यायचा. ज्या जिभेवर मी इतकी चिडायची तिच्यातून एक शब्द यावा म्हणून मी बूथमध्ये मुद्दाम तिला टोचून बोलून पाहिलं. काही नाही. बूथवाला दुसरीकडे बघत होता.

हे म्हणाले, तू एकदा नुसतं भेटून तरी ये. पण रिकाम्या हाताने जाणार नाही असं मी बोलले होते. कुबडी घेऊन तिच्यासमोर उभी राहायची आणि उचलता येत नाही म्हणून परत यायचं, हे मला नको होतं.

पंचवीस

प्लॅस्टर निघालं तेव्हा माझी पोटरी शेवग्याच्या शेंगेसारखी झाली होती. दवाखान्यात व्यायाम शिकवणारी स्टेला नावाची मुलगी होती, माझ्या लेकीच्या वयाची. तिने चपलेत रबराचे तीन तुकडे टाचेखाली घातले आणि काही आठवड्यांनी एकेक काढत गेली. आधी बसून पाऊल हलवायचं. मग भिंत धरून दोन्ही टाचा उचलायच्या. मग डावी एकटी. मी तिला पहिल्याच दिवशी विचारलं होतं की माणूस कधी उचलता येईल. ती म्हणाली, एका पायावर, न थांबता, पंचवीस वेळा टाच उचलता आली की.

पहिल्या दिवशी एकदाही उचलता आली नाही. मी भिंतीला टेकून उभी, पायाला हुकूम सोडतेय, आणि टाच जमिनीला चिकटलेली. तिथेच रडले. स्टेला म्हणाली की रडत रडत करा, चालतं.

कार्तिकात मी चोरून घरी पायरीवर दुप्पट व्यायाम केला. शीर सुजली, दोरखंडासारखी जाड झाली. सगळं बंद करून पाच आठवडे मागे जावं लागलं. दुसऱ्यांदा तीच चूक, फक्त उलट बाजूने. आधी पायाकडे पाहिलं नाही म्हणून उशीर, आता घाई केली म्हणून उशीर.

त्यानंतर मात्र शहाण्यासारखी वागले. सहा, नऊ, बारा. अठराला जाऊन अडकले. अठरावर तीन आठवडे गेले. मग एका सोमवारी सकाळी पंचवीस झाले. स्टेलाने टाळी वाजवली. मी तिथूनच ह्यांच्या कचेरीत फोन केला आणि तिकीट काढायला सांगितलं. आत्याला जाऊन नऊ महिने आणि काही दिवस झाले होते.

तिसरा मजला

बंगळूरला पोहोचलो तेव्हा सकाळचं कोवळं ऊन होतं. तिसऱ्या मजल्यापर्यंत मी जिना चढून गेले, एकेका पायरीवर पाऊल, कठड्याला हात न लावता. जावेने दार उघडलं आणि आधी मला बाजूला घेतलं. आई खात नाही, तिने सांगितलं. डॉक्टर दोनदा येऊन गेले. दीड महिना झाला, बोलतही नाही. तुम्हाला फोनवर सांगवेना.

आत्या खिडकीजवळच्या पलंगावर होती. तिला कोणी नीट वेणी घातली होती, पावडर लावली होती. माझ्याकडे पाहिलं, ओळखलं की नाही कळलं नाही. तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, आणि मी रडायला आले नव्हते. तिच्यासमोर नेहमीसारखी पाय रोवून उभी राहिले, तिचा उजवा हात माझ्या गळ्यात घेतला, एक, दोन, तीन म्हटलं आणि पंचवीस टाचांचा सगळा जोर लावला.

आणि मागे कोलमडले. भिंत होती म्हणून वाचलो. उचलायला तिथे काहीच नव्हतं. लुगड्यात गुंडाळलेली नुसती हाडं, कमलमच्या धाकट्या मुलीचं वजन जास्त असेल. अठराव्या टाचेला काय, सहाव्या टाचेलाही मी तिला उचलू शकले असते. कुबडी टाकून एका हाताने उचललं असतं. ज्या आत्यासाठी मी पाय तयार करत होते ती कधीचीच सरून गेली होती, आणि जी राहिली होती ती माझी वाट पाहत होती, उचलायची नव्हे, नुसत्या येण्याची.

आम्ही तिला तंजावूरला आणलं. ती आमच्याकडे पाच आठवडे होती. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचा पाय प्लॅस्टरमध्ये असेल तर डॉक्टरांचं सगळं ऐका, काही गाळू नका. फक्त तुमची कोणी वाट पाहत असेल तर आधी त्याच्याकडे जाऊन या, लंगडत जा, कोणाला तरी धरून जा.

त्या सकाळी खिडकीपाशी मी तोल सावरून तिला घट्ट धरून उभी होते. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. कानाशी इतकं हळू आलं की आधी मला वाटलं श्वासच आहे.

"हळू ग. पाय दुखेल तुझा."

"नाही दुखत, आत्या," मी म्हटलं.

खरंच दुखत नव्हता.